शेळीच्या डोळ्यातला ठिपका

ताहेरा मॅडमची आणि माझी ओळख भांडणातून झाली. चूक सोळा आणे माझी होती, पण हे कबूल करायला मला दहाएक वर्षं लागली.

मी गणिताचा मास्तर. पोर्शन मागं पडला की आमच्या जमातीला एकच उपाय सुचतो, चित्रकलेचा तास हडप करायचा. विचारायचं वगैरे काही नाही. सरळ वर्गात शिरायचं, डस्टर उचलायचं आणि फळा पुसायला लागायचं. चित्रकलेचे शिक्षक बिचारे कसनुसं हसून स्टाफरूमकडं निघून जातात. आधीच्या दोन शाळांत मी हेच केलं होतं. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, या शाळेत नवा आलो आणि पहिल्याच महिन्यात नववी ब मध्ये तोच प्रयोग केला. डस्टर उचललं, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"सर, पुसू नका. सुकू द्या."

बघतो तर पोरींच्या मधोमध एक ठेंगणी बाई दाटीवाटीनं बसलेली. चष्म्याच्या काडीला दोरा, ओढणीच्या टोकाला निळा डाग. मला वाटलं कुणाची तरी आई आली असेल. फळ्यावर काहीच नव्हतं, नुसता ओल्या फडक्याचा एक मोठा फराटा होता.

"यात काय आहे सुकू देण्यासारखं?"

"तेच तर पोरं शोधून राहिलीत," बाई म्हणाल्या. "कुणाला कोंबडा दिसला, कुणाला दौलताबादचा किल्ला. वाळला की संपलं. तोवर काढून घ्यायचंय त्यांना."

"माझं एक अख्खं प्रकरण राहिलंय हो मॅडम!"

"तुमचे त्रिकोण कुठं पळून चाललेत? हा डाग पाच मिनिटांत जाईल."

अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी तणतणत मुख्याध्यापकांकडं गेलो. ते म्हणाले, "जाधव सर, सगळ्यांचे तास मागा, त्यांचा मागू नका. मी सुद्धा मागत नाही." हात हलवत परत आलो.

मॅडम शहागंजकडं राहायच्या. त्यांचे वडील बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकची मागची बाजू, लग्नाच्या मांडवावरची नावं, सगळं. मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही लिप्या त्यांच्या हातात होत्या. फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत तो धंदा बसला. मॅडम त्याबद्दल कधी रडगाणं गायल्या नाहीत, पण रस्त्यात फ्लेक्सवर एखादं अक्षर वाकडंतिकडं ताणलेलं दिसलं की जागच्या जागी थांबायच्या आणि "या अल्ला, त्या 'क्ष'ची काय हालत केलीय" असं मोठ्यानं म्हणायच्या. सोबतच्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शहराचं नाव बदललं तेव्हा शाळेची पाटीही बदलायची होती. स्टाफरूममध्ये त्यावर चांगली तासभर गरमागरम चर्चा झाली. मॅडम कोपऱ्यात पट्टी घेऊन बसलेल्या. शेवटी त्यांनी मान वर केली. "नाव लांब आहे. अक्षरं आवळावी लागतील. शिडी कोण धरणार, तेवढं ठरवा." आणि खरंच, दोन दिवस शिडीवर चढून त्यांनी ती पाटी हातानं रंगवली. शिडी मी धरली होती. माझ्या टकलावर पडलेला रंग आठवडाभर निघाला नाही.

शिकवायची त्यांची तऱ्हाच वेगळी होती. जूनमध्ये पोरांच्या रंगपेटीतून हिरवा रंग काढून घ्यायच्या आणि कपाटात कुलूपबंद करायच्या. पोरं रडकुंडीला यायची, कारण तोवर त्यांनी झाडं सोडून दुसरं काढलेलंच नसायचं. मग कुणीतरी निळ्यात पिवळा घालायचा. मॅडम म्हणायच्या, "हा तर बाजारातला हिरवा झाला. लिंबाच्या झाडाचा असा असतो का? जा, बघून ये." पोरगं मैदानात जाऊन यायचं, पुन्हा घोळायचं. आठ-पंधरा दिवसांनी एखादी पोरगी वैतागून पिवळ्यात काळा घालायची आणि एकदम किंचाळायची, कारण पिवळ्यात काळा घातला की उन्हाळ्यातल्या धुळकट पाल्याचा अस्सल हिरवा तयार होतो. मला हे पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं, पण त्या सांगायच्या नाहीत. "मी सांगितलं तर तो माझा हिरवा झाला ना सर. तिला काय मिळालं?"

एकदा त्यांनी नववीच्या पोरांना बीबी का मकबऱ्याला नेलं. सोबत शिस्तीला म्हणून मी. चाळीस पोरं ड्रॉइंग बोर्ड घेऊन खूश, मकबरा काढायचा म्हणून. मॅडमनी सगळ्यांना ओळीत बसवलं आणि हुकूम सोडला, "हौ, आता सगळ्यांनी मकबऱ्याकडं पाठ करा."

"मॅडम, मग काढायचं काय?"

"मकबरा साऱ्या दुनियेनं काढलाय. तुमच्या घरच्या कॅलेंडरवर पण असेल. मकबऱ्याला इतक्या वर्षांत काय दिसतंय, ते काढा."

मला हसू आलं. पण संध्याकाळी ते कागद बघितले आणि मी चाट पडलो. फोटोसाठी पोट आत ओढून उभा राहिलेला नवरा, चपला हातात घेऊन पळणारी पोरगी, झाडाखाली डबा उघडून बसलेलं कुटुंब, भुट्टेवाला. एकानं काय केलं असेल? ओळीच्या टोकाला बसून डुलक्या घेणारा मी काढला होता, पेन्शन घ्यायला आलेल्या माणसासारखा. मॅडमनी तो कागद बराच वेळ न्याहाळला आणि "हं" म्हणाल्या. हे "हं" म्हणजे त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं बक्षीस. "छान", "मस्त", "व्वा" हे शब्द त्यांच्या तोंडून पोरांनी कधी ऐकले नाहीत. बाकी सगळ्या चित्रांना एकच प्रश्न असायचा, "पुढं?"

आणि एक नियम होता. तो मोडला म्हणून तर हे सगळं लिहायला बसलोय. पोराच्या कागदाला मॅडम हात लावायच्या नाहीत. काही दाखवायचं झालं तर स्वतःच्या रफ वहीत काढून दाखवायच्या, वही मिटायच्या आणि म्हणायच्या, "आता विसर, आणि तुझं काढ." इतर शाळांत काय चालतं हे आम्हाला माहीत होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मास्तरच आभाळ रंगवून देतात, पोरगं खाली नाव टाकतं. मॅडमना त्याची किळस होती. "कागद त्याचा, हात माझा, आणि बक्षीस शाळेचं. चोरांची टोळी झाली की ही," असं भर बैठकीत बोलायच्या.

पल्लवी त्यांच्या हाताखाली आली ती आठवीत. गाव कन्नड तालुक्यातलं, आईबाप शेतीत, पोरगी शिक्षणासाठी पडेगावला मामाकडं. अबोल, पण कागदावर जोरात. गणितात हुशार होती, म्हणून माझीही लाडकी. प्रमेयाच्या वहीत समासात बैल काढायची आणि ते बैल इतके जिवंत असायचे की मी कधी त्यावर लाल पेन फिरवला नाही. मॅडम तिच्यावर जीव टाकायच्या, पण तिला ते दिसू द्यायच्या नाहीत. मला मात्र एकदा म्हणाल्या, "सर, पंचवीस वर्षं शिकवून राहिले. अशी एकच आली."

पल्लवीला दहावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजला जायचं होतं. मामाचा साफ नकार. मामा, सुदामराव, वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर. माणूस सरळ. त्याचं म्हणणं एवढंच की पोरीनं डिप्लोमा करावा, पायावर उभं राहावं. चित्रं काढून कुणी पायावर उभं राहिलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. बरेच दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी मामा म्हणाला, "जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली ये. जिल्ह्यात पहिली म्हणजे तुझ्यात काहीतरी आहे म्हणायचं. मग मी आडवा येत नाय. शब्द देतो." घरात सगळ्यांसमोर दिला.

पल्लवीनं चित्र काढलं कन्नडच्या आठवडी बाजाराचं. बाजारात तिचा बाप शेळी विकायला घेऊन बसलाय. गिऱ्हाईक समोर उभं आहे आणि बाप त्याच्याकडं न बघता शेळीला हातानं पाला चारतोय. बस, एवढंच. मी चित्रातला काही जाणकार नाही, पण ते बघता बघता मी माझा पुढचा तास विसरलो, हे खरं सांगतो.

चित्र पाठवायचा शेवटचा दिवस. शिपाई गठ्ठा न्यायला दारात उभा. प्रत्येक चित्रामागं छापील मजकूर होता, "हे चित्र विद्यार्थ्याने स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय काढलेले आहे," आणि खाली कलाशिक्षकाची सही. मॅडमनी सह्या आधीच केल्या होत्या. पल्लवी नळावर ब्रश धुवायला गेलेली. चित्र टेबलावर. मॅडमच्या हातात पांढऱ्या रंगाचा बारीक ब्रश होता, कुठल्या तरी तक्त्यावर अक्षरं लिहीत होत्या. त्यांची नजर शेळीच्या डोळ्यावर गेली. डोळा काळाभोर रंगवलेला, पण मेलेला. आणि हात गेला. एक ठिपका. शेळी बघायला लागली.

"हात गेला सर," असंच त्या मला नंतर म्हणाल्या. "अब्बांचा हात. ट्रकवरच्या वाघांना, मोरांना डोळे देऊन देऊन सवय झालेला. मी थांबवायच्या आत गेला."

तोवर शिपायानं गठ्ठा बांधलाही होता.

पल्लवी जिल्ह्यात पहिली आली. शाळेत पेढे, फळ्यावर नाव. निकालाच्या कागदावर परीक्षकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या, "शेळीचा डोळा विलक्षण जिवंत." मुख्याध्यापकांनी त्या ओळी परिपाठाला माइकवरून वाचल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मॅडमकडं बघितलं, तर त्यांचं तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं शुगर उतरली.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला सगळं सांगितलं. मी आधी हसलोच.

"अहो मॅडम, एक ठिपका! आमच्या भूमितीत बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, काहीच नसतं."

"तुमच्या भूमितीत नसेल. चित्रात तो डोळा आहे."

"कुणाला कळणार आहे?"

"पल्लवीला."

"तिला तरी कुठं कळलंय?"

"आज वाचलं ना माइकवरून. तिनं डोळा कसा काढला होता हे तिला माहीत नाही होय?"

मी त्यांना परोपरीनं समजावलं. पोरीचं आयुष्य आहे, मामाचा शब्द आहे, तुमच्या खरेपणापायी तिचं वाटोळं कराल. शेवटी चिडून म्हणालो, "तुम्हाला स्वतःचं मन साफ करायचंय, किंमत ती मोजणार." हे वाक्य त्यांना लागलं. मग म्हणाल्या, "असेल. तसंही असेल. पण आज मी गप्प राहिले, तर उद्यापासून ती जे काढेल त्यात तिला वाटत राहील, हे माझं आहे का मॅडमचं? चित्रकार कशी होणार ती?"

आधी त्यांनी पल्लवीला सांगितलं, चित्रकलेच्या खोलीत, दार लावून. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. पल्लवी बाहेर आली ती माझ्यासमोरून तडक निघून गेली. मग मॅडमनी स्पर्धेवाल्यांना पत्र लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, फाडून टाका. स्पर्धेवालेही फोनवर म्हणाले, जाऊ द्या हो बाई, सगळेच करतात. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच. पहिला नंबर रद्द झाला आणि दुसरा आलेला पोरगा पहिला झाला.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं रिक्षानं पडेगावला गेलो. जायचं मॅडमनी ठरवलं आणि मी सोबत निघालो, कारण माझ्या मनालाही टोचणी लागली होती. सुदामरावांनी खुर्च्या टाकल्या, चहा सांगितला. पल्लवी आतल्या दारात उभी.

"भाऊ, चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "शिक्षा मला द्या. तिला नका देऊ. ठिपका सोडून बाकी सगळं चित्र तिचं आहे."

"ते मला पटतंय मॅडम," सुदामराव म्हणाले. "पण एक सांगा. तुमी बोलला नसता तर कुणाला कळलं असतं का?"

"नाही."

"तरी बोलला."

"हौ."

"का?"

"नियम माझाच होता. मीच मोडला."

सुदामरावांनी कप खाली ठेवला. "मग आता माझं ऐका. मी बी शब्द दिलाय. पहिली आली तर. घरात, बायकोसमोर, हिच्या बापासमोर. तुमी तुमच्या नियमाला इतक्या पक्क्या, मंग मी माझ्या शब्दाला कच्चा राहू व्हय?"

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, अहो सुदामराव, तुमचा शब्द तुम्ही मागं घेऊ शकता की, कोण विचारणार आहे? ते माझ्याकडं बघून हसले, पण त्या हसण्यात राग नव्हता. "सर, हेच तुमी मॅडमला बी म्हणला असाल." मी खाली मान घातली. मॅडमनी पण मान खाली घातली. त्यांच्याच मापानं त्यांना मोजलं होतं आणि माप बरोबर होतं.

निघताना मॅडम आतल्या दाराकडं वळल्या. "पल्लवी." पोरगी आत निघून गेली.

त्यानंतर दहावीचं अख्खं वर्ष पल्लवी मॅडमशी एक शब्द बोलली नाही. चित्रकलेच्या खोलीची पायरी चढली नाही. प्रमेयाच्या वहीतले समासातले बैलही बंद झाले. दहावीला गणितात तिला पैकीच्या पैकी मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकीचा मला आनंद झाला नाही. तिनं सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि एका बिल्डरकडं ड्राफ्ट्समन म्हणून लागली. मॅडम दरवर्षी माझ्याकडं तिची चौकशी करायच्या. "काढते का काही?" मी म्हणायचो, प्लॅन काढते. "प्लॅन नाही हो. काढते का?" मला माहीत नसायचं.

मॅडम बदलल्या नाहीत. हिरवा रंग दर जूनला कुलूपबंद होत राहिला, पोरं किंचाळत राहिली. पण एकदा परीक्षेचं सुपरव्हिजन करताना शेजारी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "जाधव सर, तुम्ही म्हणाला होता ना, किंमत ती मोजणार. बरोबर म्हणाला होता." मी म्हटलं, जाऊ द्या मॅडम. त्या म्हणाल्या, "जात नाही ना. तेच तर."

निवृत्त झाल्यावर त्या मुलीकडं हैदराबादला राहायला गेल्या. अधूनमधून फोन होतो, पण बघणं झालेलं नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या निरोप समारंभाच्या दिवशीच्या.

समारंभ नेहमीसारखाच झाला. शाल, श्रीफळ, सगळ्यांची तीच ती भाषणं. मी पण बोललो आणि मध्येच अडखळलो. लोक पांगल्यावर मी सायकल स्टँडकडं निघालो, तर फाटकातून पल्लवी आत येताना दिसली. अंगावर ऑफिसचा शर्ट, खांद्याला पिशवी. मला "नमस्कार सर" म्हणाली आणि सरळ मॅडमकडं गेली. मॅडम मैदानातल्या एका खुर्चीवर हार मांडीवर घेऊन रिक्षाची वाट बघत होत्या. पल्लवीला बघून त्या उठायला लागल्या.

"बसा," पल्लवी म्हणाली. "उठू नका."

तिनं दुसरी खुर्ची ओढली, समोर बसली, पिशवीतून जाडजूड वही काढली. वहीचे कोपरे वापरून वापरून मऊ पडलेले. अर्ध्याहून जास्त पानं भरलेली दिसत होती. कोरं पान काढलं, पेन्सिल काढली आणि मॅडमकडं बघायला लागली. मॅडम त्या भरलेल्या पानांकडं बघत राहिल्या. रिक्षावाला फाटकातून हॉर्न द्यायला लागला, त्याला मी हातानं थांबवलं.

मग मॅडमनी विचारलं, "पल्लवी, अजून राग आहे का गं?"

"आहे," पल्लवी म्हणाली. तिची पेन्सिल थांबली नाही. "मान हलवू नका."

मॅडमनी मान हलवली नाही. गालांवरून पाणी ओघळत हनुवटीपर्यंत आलं, तरी त्यांनी ते पुसायला हात उचलला नाही.